नातं मान्य, जमीन सोडून बोला

मेलबर्नमधल्या कुठल्याही ऑफिसात महिनाभर काढलात की एक वाक्य तोंडपाठ होतं. साधारण असं : आज आपण जिथे जमलो आहोत त्या भूमीच्या पारंपरिक मालकांना, वुरुंडजेरी लोकांना, आम्ही वंदन करतो आणि या जमिनीशी, पाण्याशी असलेलं त्यांचं अखंड नातं मान्य करतो. टाउनहॉल मीटिंग असो, सेफ्टी ट्रेनिंग असो, शाळेचं गॅदरिंग असो, आधी हे. ईमेलच्या सिग्नेचरमध्ये हे, वेबसाइटच्या तळाशी हे. बोलणारा एक श्वास घेतो, स्लाइड बदलते आणि पुढे तिमाहीचे आकडे.

यावर आपल्या मंडळींचं मत काय असतं ते मला ठाऊक आहे, कारण दर बार्बेक्यूला ते ऐकतो. "अरे, आम्ही परवा आलो. आम्ही कुणाची जमीन घेतली? आम्हाला कशाला ऐकवता?" दुसरा एक गट आहे, त्यात गोरे जास्त. त्यांना हे वाक्य म्हटलं की गंगेत डुबकी मारल्यासारखं वाटतं. पहिल्या गटाचा आवाज आता वाढलाय. २०२५ च्या अँझॅक दिनाला पहाटेच्या अंधारात, मेलबर्नच्या युद्धस्मारकावर, एक आदिवासी वडीलधारे स्वागताचे शब्द बोलत असताना काही लोकांनी हुर्यो उडवली. शहीद सैनिकांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात!

मला दोन्ही गटांशी भांडायचं आहे. हे वाक्य खोटं नाही आणि जास्तही नाही. भानगड त्यातल्या एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे 'नातं'. गेली पन्नासेक वर्षं या देशात हा शब्द जमिनीच्या ऐवजी देतात. सुटे पैसे नाहीत म्हणून वाणी चॉकलेट देतो ना, तसं.

१९७१ पासून सुरुवात करू. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड आहे, तिथे योल्ङु लोक राहतात. त्यांच्या जमिनीखाली बॉक्साइट निघालं. सरकारने त्यांना न विचारता ती जमीन खाणीसाठी काढली, म्हणून १९६३ मध्ये त्यांनी झाडाच्या सालीवर चित्रं काढून आणि त्यावर मजकूर चिकटवून कॅनबेराच्या संसदेला अर्ज पाठवले. ते आजही संसदभवनात आहेत, लोक कौतुकाने फोटो काढतात. अर्जाने काही झालं नाही. १९६८ मध्ये सरकारने नबाल्को कंपनीशी खाणीचा करार केला आणि योल्ङु कोर्टात गेले.

न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांचा निकाल जमेल त्याने जरूर वाचावा. बाई-माणसं कपडे घालतात का इथपासून सुरू होणारा तुच्छतेचा निकाल नव्हे तो. या माणसाने नीट ऐकून घेतलं. योल्ङु लोकांची कायद्याची पक्की व्यवस्था आहे हे त्याने मान्य केलं. जमिनीशी त्यांचं नातं खोल आहे, धार्मिक आहे, हेही मान्य केलं. आणि मग म्हणाला की ही जमीन या कुळाची आहे असं म्हणण्यापेक्षा हे कूळ या जमिनीचं आहे असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. म्हणजे ही मालकी नव्हे. म्हणजे मालमत्तेचा हक्क नाही. म्हणजे केस हरलात.

बघा हं, कसं आहे ते. नातं इतकं मोठं की ते सातबाऱ्यावर मावत नाही, म्हणून सातबारा कंपनीच्या नावे! आपल्या घरांमध्ये बायकांना असंच देवीपद मिळतं आणि घर मात्र नवऱ्याच्या नावावर असतं. असो, तो वेगळा विषय आहे.

या खटल्यात योल्ङुंच्या बाजूने दुभाषाचं काम करणारा एक तरुण होता, गुमाज कुळातला, युनुपिंगू घराण्यातला. पुढे तो देशातला एक मोठा नेता झाला. म्हातारपणी, २०१९ मध्ये, त्याने त्याच जमिनीच्या नुकसानभरपाईसाठी पुन्हा दावा लावला. २०२३ मध्ये तो वारला. १२ मार्च २०२५ ला हायकोर्टाने (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) कुळाच्या बाजूने निकाल दिला : नॉर्दर्न टेरिटरीचा कारभार केंद्राकडे असताना मूळ हक्क हिरावले गेले असतील तर राज्यघटनेप्रमाणे न्याय्य मोबदला देणं लागतं. किती, ते त्यानंतर ठरायचं होतं. दुभाषा ते मरणोत्तर विजेता, मधे चोपन्न वर्षं.

आता मधला मोठा टप्पा. ३ जून १९९२, माबो खटला. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचे एडी माबो आणि त्यांचे सोबती दहा वर्षं लढले आणि 'इंग्रज आले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती' हे थोतांड हायकोर्टाने फेकून दिलं. माबो निकालाच्या पाच महिने आधी गेले. (या देशात न्याय आणि अंत्ययात्रा यांचं काहीतरी जमतं खरं.) १९९३ मध्ये 'नेटिव्ह टायटल' कायदा झाला. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना वाटतं की तिथे विषय संपला, मिळालं त्यांना काय हवं ते. नाही. तिथे 'नातं' हा शब्द मीटिंगमधून उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेला.

कायदा असं म्हणतो की हक्क हवा असेल तर जमिनीशी तुमचं नातं तुमच्या परंपरागत कायद्यानुसार आजही जिवंत आहे हे सिद्ध करा. आणि कोर्टांनी त्याचा अर्थ लावला की इंग्रजांनी सार्वभौमत्व जाहीर केलं तेव्हापासून आजपर्यंत ते मुख्यतः अखंड चालू असलं पाहिजे. तेच 'अखंड नातं' जे आमच्या टाउनहॉलमध्ये फुकट मिळतं, प्रोजेक्टर गरम होईपर्यंत. कोर्टात मात्र त्याला पुरावा लागतो.

व्हिक्टोरियाच्या उत्तरेला मरी नदीकाठी योर्टा योर्टा लोक राहतात. त्यांनी १९९४ मध्ये दावा लावला. शंभरावर दिवस सुनावणी, दोनशेच्या वर साक्षीदार. आज्यांनी येऊन आपल्या आज्यांबद्दल सांगितलं. १९९८ मध्ये न्यायमूर्ती ओल्नी यांनी सांगितलं की इतिहासाच्या लाटेत तुमचं नातं वाहून गेलं. त्यांनी सर्वांत जास्त वजन कशाला दिलं माहितीये? १८४० च्या दशकात त्या जमिनीवर मेंढ्या घेऊन घुसलेल्या एडवर्ड कर नावाच्या गोऱ्या मेंढीवाल्याच्या आठवणींना. पिंजऱ्यातल्या जिवंत म्हातारीपेक्षा, ज्याने जमीन बळकावली त्याचं पुस्तक जास्त विश्वासार्ह.

आणि दुसरा पुरावा तर कळस आहे. १८८१ मध्ये मलोगा मिशनवर राहणाऱ्या ४२ आदिवासींनी गव्हर्नरला अर्ज केला होता. आमच्या शिकारीच्या जागा गोऱ्यांनी घेतल्या, आमच्याकडे काही उरलं नाही, निदान कसायला आणि जनावरं पाळायला थोडी जमीन द्या, अशी विनंती. ओल्नींनी त्यातून काय काढलं? की म्हणजे तोपर्यंत यांनी पारंपरिक जीवन सोडून दिलेलं होतं! जमीन मागितली, हाच जमिनीशी नातं तुटल्याचा पुरावा. अर्ज केला नसता तर म्हणाले असते, कधी तक्रार केली नाही. १२ डिसेंबर २००२ ला हायकोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी हाच निकाल कायम केला. त्यानंतर राज्य सरकारने २००४ मध्ये त्यांच्याशी करार केला आणि २०१० मध्ये बार्मा नॅशनल पार्कच्या संयुक्त व्यवस्थापनात त्यांना घेतलं, ते बरंच झालं. पण ती सरकारची मेहेरबानी. हक्काचा रस्ता कोर्टाने बंद केला तो केलाच.

याच्या शेजारी आता आपलं ठेवून बघा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याने टार्नीटला घर घेतलं. पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणजे तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, सातबारा, फेरफार, कुळ होतं का, आत्याने हक्कसोडपत्र केलंय का, बँकेचा वकील जीव खातो. इथे सहा आठवड्यांत चावी हातात! कारण इथे टॉरेन्स पद्धत चालते, १८५८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात सुरू झालेली. रजिस्टरवर तुमचं नाव आलं की तोच पुरावा. त्याआधी ती जमीन कुणाची होती, त्याने ती कुणाकडून आणि कशी मिळवली, हे विचारायचंच नाही, त्यासाठीच ही पद्धत. भारतातून आलेल्या माणसाला हे स्वप्नवत वाटतं, मलाही वाटलं.

म्हणजे एकाच देशात, एकाच मातीवर, दोन नियम. ज्याच्याकडे कागद आहे त्याला इतिहास माफ. ज्याच्याकडे इतिहास आहे त्याने दोनशे वर्षांचा हिशेब द्यायचा, एक वर्ष गाळायचं नाही, आणि मधल्या काळात पोरं कुणी पळवली, मिशनमध्ये कुणी कोंडलं, भाषा बोलायला बंदी कुणी घातली हे विचारायचं नाही. प्रॉडक्शन सर्व्हरची केबल स्वतःच उपटायची आणि मग क्लायंटला म्हणायचं, तुमचा अपटाइम पुरेसा नाही. अशा माणसाला आमच्या टीममध्ये दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील.

बरं, सगळे हरत नाहीत. पुष्कळ दावे जिंकले गेले आहेत, देशाचा बराच मोठा भाग आज नेटिव्ह टायटलखाली आहे. पण मिळालं म्हणजे काय मिळालं? सातबाऱ्यात 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. वर भोगवटादाराचं नाव, आणि या रकान्यात विहिरीचा हिस्सा, बँकेचा बोजा वगैरे. नेटिव्ह टायटलचा मोठा भाग या रकान्यातला आहे. शिकार करा, मुक्काम करा, विधी करा, पण १९९६ च्या विक खटल्यापासून स्पष्ट आहे की गुरं चारणाऱ्या लीजवाल्याचा हक्क आणि तुमचा हक्क यांची टक्कर झाली तर लीजवाल्याचा चालेल. आमच्या भाषेत, रीड-ओन्ली ॲक्सेस.

याची किंमतही ठरली आहे. टेरिटरीतल्या टिंबर क्रीक गावात सरकारने रस्ते वगैरे बांधून काही हक्क संपवले होते. २०१९ मध्ये हायकोर्टाने भरपाई दिली, व्याजासकट सुमारे २५ लाख डॉलर. त्यात जमिनीच्या आर्थिक मूल्यासाठी साधारण मालकी जमिनीच्या किमतीच्या ५० टक्के धरले. पहिल्या न्यायाधीशाने ८० टक्के धरले होते, अपिलात ६५ झाले, वर ५०. भाजी मंडईत सुद्धा भाव इतका पटापट उतरत नाही. आणि नातं तुटल्याच्या दुःखासाठी, म्हणजे संस्कृतीच्या नुकसानीसाठी, वेगळे १३ लाख. हे मान्य करायला हवं की दुःखाला स्वतंत्र ओळ दिली हे पुढचं पाऊल होतं. पण जमिनीचा भाव अर्धाच का? कारण हक्क 'इतर' रकान्यातला होता, दुसऱ्याला बाहेर ठेवण्याचा अधिकार त्यात नव्हता.

सगळा खेळ इथे आहे : बाहेर ठेवण्याचा, नाही म्हणण्याचा अधिकार. तो नसला तर नात्याचं काय होतं, ते २४ मे २०२० ला दिसलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबरा भागात जूकन गॉर्ज नावाची घळ आहे. तिथल्या गुहांमध्ये ४६,००० वर्षांपासून माणसाचा वावर होता. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांची ही भूमी, आणि त्यांचं नेटिव्ह टायटल कोर्टाने २०१५ मध्ये मान्यही केलेलं. २०१४ च्या उत्खननात तिथे चार हजार वर्षांपूर्वीचा, माणसांच्या केसांनी विणलेला पट्टा सापडला होता. डीएनए तपासला, तर तो आज हयात असलेल्या त्याच लोकांशी जुळला. अखंड नात्याचा याहून पक्का पुरावा जगात कुठे मिळेल सांगा मला. पण रिओ टिंटो कंपनीला परवानगी २०१३ मध्येच मिळाली होती, १९७२ च्या वारसा 'संरक्षण' कायद्याखाली, आणि नवा पुरावा आला म्हणून परवानगी फिरवायची सोयच त्या कायद्यात नव्हती. खाणीचे चार आराखडे होते. तीन गुहांना वाचवणारे. चौथ्यात ८० लाख टन चांगलं लोखंड जास्त मिळत होतं, किंमत सुमारे १३.५ कोटी डॉलर. चौथा निवडला. बाकीचे तीन होते हे त्या लोकांना सांगितलंच नव्हतं. सुरुंग उडाले.

दोन दिवसांनी राष्ट्रीय 'सॉरी डे' होता, आणि त्याच आठवड्यात समेट सप्ताह. त्या कंपनीकडे आदिवासींशी समेट करण्याचा अधिकृत, प्रमाणित आराखडा होता. जूनमध्ये त्याची मान्यता काढून घेतली, सप्टेंबरमध्ये सीईओ जाणार असं जाहीर झालं. म्हणजे 'नातं मान्य करतो' हे वाक्य म्हणण्यात ही कंपनी माझ्या तुमच्या ऑफिसच्या कितीतरी पुढे होती.

राज्याने मग २०२१ मध्ये नवा कायदा केला, तो १ जुलै २०२३ ला लागू झाला. शेतकऱ्यांनी ओरड केली, महिनाभरात सरकारने रद्द करायचं जाहीर केलं आणि थोड्या डागडुजीसकट १९७२ चाच कायदा परत आणला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, संसदेला सल्ला देणारं आदिवासींचं मंडळ घटनेत असावं का यावर सार्वमत झालं. फक्त सल्ला, बरं का, जमीन नाही, व्हेटो नाही. साठ टक्के लोक 'नाही' म्हणाले, सहाच्या सहा राज्यांत. नाही म्हणण्याचा अधिकार या देशात आहे, फक्त कुणाला आहे तो बघा.

आता "आम्ही परवा आलो" वाल्यांकडे. एक तर घाबरू नका, टार्नीटचं घर जात नाही. मालकी हक्काने दिलेल्या जमिनीवर नेटिव्ह टायटल संपलेलं असतं, हे माबो निकालातच आहे. ऑफिसातल्या त्या वाक्याने तुमच्या खिशातून छदाम जात नाही. दुसरं, आपण परवा आलो हे खरं, पण आलो ते तयार रजिस्टरवर. १८३५ मध्ये जॉन बॅटमनने वुरुंडजेरी लोकांना घोंगड्या, कुऱ्हाडी, आरसे, पीठ देऊन मेलबर्नच्या जमिनीचा 'करार' केला होता. लबाडीचाच करार तो. पण गव्हर्नर बर्कने तो रद्द केला ते लबाडी म्हणून नव्हे, तर जमीन त्या लोकांची नाहीच, राजाची आहे, त्यांना विकता येणार कशी, म्हणून. तुमच्या माझ्या प्रत्येक टायटलची साखळी मागे मागे नेली तर त्या जाहीरनाम्याला जाऊन टेकते. चोरीचा माल घेणारा चोर नसतो, कबूल. पण पुण्यातला तुमचा वकील असा फ्लॅट घेऊ देईल का?

आणि तिसरं. हा प्रश्न आपल्याला अनोळखी आहे असं सोंग आणू नका. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नावातच 'मान्यता' हा शब्द आहे, आणि आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तिथेही तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला, बांबू मिळेना! कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला असताना वनखातं वाहतुकीचा परवाना देईना. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा तो पास ग्रामसभेच्या हातात आला. हक्क खरा झाला तो पासाच्या पुस्तकाने. कोण ट्रक अडवू शकतो आणि कोण सोडू शकतो, एवढाच तो प्रश्न होता.

ऑस्ट्रेलियात असं पुस्तक कुणाच्याच हातात नाही असं नाही. ब्लॅकबर्नच्या निकालाची लाज वाटून संसदेने १९७६ मध्ये फक्त नॉर्दर्न टेरिटरीसाठी एक कायदा केला. त्यात खनिज शोधायला जमीनमालक कुळांची संमती लागते. 'नाही' म्हटलं तर पाच वर्षं पुन्हा विचारायचं नाही. राष्ट्रहिताची पळवाट आहे, पण ती लागू करायला सरकारला उघडपणे पुढे यावं लागतं. नेटिव्ह टायटलमध्ये याउलट फक्त 'वाटाघाटीचा हक्क' आहे. सहा महिने बोला, नाही जमलं तर ट्रिब्युनलकडे, आणि ट्रिब्युनलने खाणीला नकार दिल्याच्या घटना हाताच्या बोटांवर मोजता येतात. जो कायदा टेरिटरीत जवळपास पन्नास वर्षं आहे, तो दिला म्हणून तिथल्या खाणी काही बंद पडल्या नाहीत. मग बाकी देशाला काय झालं? मला हवं ते एवढंच आहे : टाउनहॉलमधलं ते वाक्य ठेवायचं तर ठेवा, पण ते म्हणणाऱ्या प्रत्येक खाण कंपनीला, बँकेला, पेन्शन फंडाला पुढचा प्रश्न विचारा, की या लोकांनी नाही म्हटलं तर तुम्ही थांबता का? पेन्शन फंडाला तर तुम्ही आम्ही विचारू शकतो, दर पगारातून पैसे जातात आपले, आणि त्यातले काही हमखास खाणींच्या शेअरमध्ये.

थांबवता येतं. काकाडूच्या शेजारी जबिलुका नावाचा युरेनियमचा मोठा साठा आहे, मिरार लोकांच्या भूमीत. १९८२ ची एक संमती कागदावर होती, ती दबावाखाली घेतली असं मिरार सांगत आले. १९९८ मध्ये त्यांनी आठ महिने रस्ता अडवला, पाचशेवर लोकांना अटक झाली. त्यात मिरारांच्या प्रमुख इव्होन मार्गरूला होत्या, आणि त्यांच्यावर गुन्हा कसला, तर अतिक्रमणाचा! स्वतःच्या बापजाद्यांच्या जमिनीवर. २००५ मध्ये कंपनीने लिहून दिलं की मिरारांच्या संमतीशिवाय खाण काढणार नाही. त्यावेळी त्या कंपनीची मोठी मालक कोण होती? रिओ टिंटो. तीच. पिलबरात तिच्यापुढे फक्त नातं होतं, इथे सही लागत होती.

जुलै २०२४ मध्ये सरकारने जबिलुकाच्या लीजचं नूतनीकरण नाकारलं आणि ती जमीन काकाडू नॅशनल पार्कात घ्यायचं जाहीर केलं. इव्होनबाईंना अटक झाली तेव्हा मी रांगत होतो.